मदत हवी आहे: गाडीतील हॅम रेडिओसाठी दुसरी बॅटरी कशी जोडावी?

सर्व हॅम (परवानाधारक हौशी रेडिओचालक) मित्रांना कोल्हापूरहून नमस्कार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर, पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली तर संपर्क तुटू नये, या विचाराने मी गाडीत ५० वॅटचा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) रेडिओ संच बसवला आहे. तो ऐकताना जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. बोलताना मात्र सुमारे १० अँपिअर. परवा पन्हाळ्यावर इंजिन बंद ठेवून तीन तास संपर्क साधला आणि निघताना गाडी सुरूच झाली नाही. पुरात असे झालेले मुळीच चालणार नाही.

म्हणून डिकीत २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवण्याचा विचार आहे. तिचा अंतर्गत रोध कमी असल्याने ती अल्टरनेटरमधून (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रातून) फार प्रवाह ओढते, त्यामुळे थेट न जोडता मध्ये डीसी-डीसी चार्जर (प्रवाह मर्यादित ठेवून दुसरी बॅटरी भरणारे उपकरण) लागेल, इतके मला समजले आहे. अडचण पुढची आहे: या चार्जरमुळे रेडिओ ऐकताना खरखर येते का, आणि येत असल्यास फेराइट कोअर (खरखर रोखण्यासाठी तारेवर बसवायचा चुंबकीय गाभा) पुरेसा ठरतो का? इंजिनापासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर अंतरासाठी किती जाडीची तार घ्यावी? फ्यूज मी बॅटरीलगतच लावणार आहे. ज्यांनी स्वतः अशी जोडणी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.