मदत हवी आहे: श्वानोमाची शस्त्रक्रिया, दोन सर्जन, कोड कुठला?

नमस्कार मंडळी. पुण्यातून अमेरिकन हॉस्पिटलांचं कोडिंग (बिलासाठी उपचारांना ठरावीक क्रमांक देण्याचं काम) करते. एका केसवर दोन दिवस अडकले आहे.

व्हेस्टिब्युलर श्वानोमा (तोल सांभाळणाऱ्या नसेवरची गाठ), ट्रान्सलॅबिरिंथाइन म्हणजे आतल्या कानातून जाणाऱ्या मार्गानं. कानाच्या सर्जननी मास्टॉइडचं (कानामागचं) हाड कोरून वाट केली, न्यूरोसर्जननी ड्यूरा (मेंदूवरचं आवरण) उघडून गाठ काढली. शेवटी पोटावरची चरबी घेऊन पोकळी भरली.

माझ्या मते हे कवटीच्या तळाचे कोड: वाट करणाऱ्यांना 61595, गाठ काढणाऱ्यांना 61616. ज्यांनी जे केलं त्यांना तो कोड, म्हणून 62 मॉडिफायर (दोन सर्जननी मिळून एकाच कोडचं काम केल्याची खूण) नको. आमचं कोडिंग तपासणारे ऑडिटर म्हणतात, 61526 (मास्टॉइडमधून जाऊन गाठ काढण्याचा कोड) एकच, दोघांनाही 62 लावून.

खरी अडचण सर्जननी लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोटमध्ये आहे. 61595 साठी सिग्मॉइड सायनस (कानामागची मोठी शीर) किंवा फेशियल नर्व्ह (चेहऱ्याची नस) यांच्यावरचा दाब मोकळा केल्याचा उल्लेख हवा. इथे एवढंच लिहिलंय: ‘सायनस दिसला, नस ओळखली, जपली.’ एवढ्यावर कोड टिकेल, की सर्जनना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवू?

आणि चरबीचं काय? 61616 मध्ये ड्यूराची दुरुस्ती ग्राफ्टसकट (लावलेल्या ऊतीसकट) धरलेली आहे, पण चरबी घ्यायला छेद वेगळा दिलाय. 15769 (चरबीसारखी ऊती काढून लावण्याचा कोड) लावायचा का?

क्लेम (विमा कंपनीकडे पाठवलेलं बिल) परत आला तर बिलाचा घोळ आजारी माणसाच्या घरी पोचतो, म्हणून अंदाजानं पाठवायचं नाहीये. न्यूरोचं काम केलेल्यांनी कृपया सांगा.