मदत हवी आहे : नागिणीचा 'क्युअर' असलेल्या माणसाकडे जाताना काय पाळायचं? (आयर्लंड)

नमस्कार. आम्ही काउंटी कॅव्हनमधल्या खेड्यात राहतो. सासूबाई सांगलीहून आल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या बरगडीखाली नागीण उठली. पुरळ दिसल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्या चालूच राहतील, पण ठणक्यामुळे त्यांना रात्रभर झोप नाही.

शेजारच्या आजींनी ऐकताच विचारलं, "दोन्ही टोकं जुळली नाहीत ना?" सासूबाई चकितच झाल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्यात, आणि इकडेही अगदी तीच भीती! मग आजींनी सांगितलं, जवळच एका शेतकऱ्याकडे नागिणीचा 'क्युअर', म्हणजे ती बरी करण्याचा गुण, आहे. इथे तो घराण्यातून येतो, नाहीतर सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला जन्मतःच असतो. नायट्याचा माणूस वेगळा, भाजल्याचा वेगळा. भाजल्याचा म्हणे न्यूट हा सरड्यासारखा प्राणी चाटणाऱ्याला मिळतो.

सासूबाईंना जायचंच आहे, आणि मलाही त्यांचं मन मोडायचं नाही. पण आजींनी बजावलंय : पैसे द्यायचे नाहीत, 'थँक यू' तर मुळीच म्हणायचं नाही, गुण जातो. मग रिकाम्या हाताने जायचं? निघताना काय बोलायचं? कुणी गेलं असल्यास कृपया सांगा.

प्रतिसाद : मुलाच्या नायट्यासाठी आम्ही गेलो होतो, तीनदा जावं लागलं. निघताना नुसतं "येतो" म्हणालो, त्यांना तेच अपेक्षित होतं. खाऊ काही जण घेतात, काही नाही, म्हणून आजींनाच आधी फोन करू द्या. एक मात्र कळकळीने सांगते : फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. ओल्या फोडांना हात लागला तर कांजिण्या न झालेल्याला त्या होऊ शकतात. पाला, माती, लेप काहीही उघड्या फोडांवर लावू देऊ नका.
सासूबाईंना वाचून दाखवायला 'दूखस' (duchas.ie) हे आयरिश लोकपरंपरेचं संकेतस्थळ बघा. 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून उतरवून घेतलेले असे उपाय तिथे मूळ हस्ताक्षरात आहेत. डांग्या खोकला झालेल्या पोराला गाढवाखालून काढायचे, ते वाचून माझी आई तासभर गावाकडच्या गोष्टी सांगत बसली.

धागाकर्ती : खूप आभार. खपली धरल्यावरच जाऊ. सासूबाई बेसनाचे लाडू न्यायचे म्हणतायत. चालतील का, ते आजींना आज संध्याकाळी विचारते.