ड्रॅगन म्हणजे उडती भट्टी नव्हे!

दिवाभीत
परवा एकांनी ठणकावून लिहिलं: "बोलणारा ड्रॅगन हा पोरकटपणा आहे. ड्रॅगन हा प्राणी. पंख अधिक आग, बस्स. त्याची ताकद मोजायची तर किती मीटरवर किती अंश, एवढंच विचारा." तिथेच दोन ओळी खरडून गप्प बसणार होतो, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

आग ओकतो म्हणून तो ड्रॅगन नसतो. तो कशावर तरी बसलेला असतो म्हणून ड्रॅगन असतो. नॉर्स गाथेतला फाफ्नीर घ्या. हा जन्मानं ड्रॅगन नव्हताच. बापाला मारून सोनं बळकावलं, एकटाच रानात जाऊन त्यावर पडला आणि पडून पडून तसा झाला. पंख नाहीत, आगही नाही, विष फुंकतो. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला ड्रॅगन तीनशे वर्षं खजिन्यावर झोपून आहे. एक पेला चोरीला जातो आणि हा मुलूख जाळत सुटतो. एक पेला! ऋग्वेदातला वृत्र सोन्यावर नाही, पाण्यावर बसलाय. इंद्राचं वज्र बसतं तेव्हा कुठे नद्या सुटतात. सोनं असो की पाणी, स्वतःला उपयोग नाही आणि दुसऱ्याला द्यायचं नाही. धनावरचा नाग म्हणतो ना आपण, तोच हा.

भाचीला एकदा गोष्ट वाचून दाखवत होतो. सहा वर्षांची आहे. सोन्याच्या ढिगावर झोपलेल्या ड्रॅगनचं चित्र आलं, तर पान उलटू देईना. चित्रावर पंजा ठेवून विचारते, "एवढ्या पैशाचं तो घेतो काय?" म्हटलं, काहीच नाही. "मग उठत का नाही?" आगीबद्दल तिला एकही प्रश्न पडला नाही.

आणि बोलण्याचं म्हणाल, तर टोल्किनच्या १९३७ च्या 'हॉबिट'मधला ड्रॅगन स्मॉग घ्या. सोबत्यांसाठी त्याच्या खजिन्यात चोरून शिरलेल्या बिल्बोला तो आधी जाळत नाही, आधी गप्पा मारतो. तुझ्या वाट्याचं सोनं घरी नेणार कसं, वाहतुकीचं काय, पहारेकऱ्यांचं काय, वाटेतल्या टोलचं काय? बिल्बोनं हा हिशोबच केलेला नसतो. सोबत्यांबद्दलचा संशय तिथेच त्याच्या मनात शिरतो. ही ताकद कुठल्या थर्मामीटरवर मोजणार?

नळी_आणि_ठिणगी
ते "एक" मीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

मी वीस वर्षं गॅस कटिंग करतो. एकदा ज्योत उलटी फिरली. आधी टॉर्चमध्ये पट-पट आवाज, मग एकदम बारीक शिट्टी, आणि ज्योत आत गायब. म्हणजे आता ती नळीतून सिलिंडरकडे निघाली. दोन्ही व्हॉल्व्ह कसे बंद केले ते आजही आठवत नाही. भुवया परत यायला वेळ लागला. तेव्हापासून ड्रॅगनचं चित्र दिसलं की पहिला प्रश्न हाच पडतो, याच्या घशात उलटी आग अडवायला काय आहे?

तुम्हाला हा प्रश्न क्षुद्र वाटतो. मला वाटत नाही. निसर्गानं तो सोडवलाय. बॉम्बार्डियर बीटल नावाचा किडा हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पिशवीत साठवतो आणि वेळ आली की ते दुसऱ्या, जाड भिंतीच्या कप्प्यात ढकलतो. तिथले एन्झाइम लागले की सुमारे १०० अंशांचा फवारा बाहेर. स्वतः शाबूत. १९६८ मध्ये ॲन मॅकॅफ्रीनं आपल्या कादंबरीतल्या पर्न नावाच्या जगातल्या ड्रॅगनना फॉस्फिनवाला दगड चघळायला लावला. वायू बाहेर आला की हवेत पेटतो. आग घशाबाहेर! कुणीतरी विचार केला म्हणायचा.

लोभ हा स्वभाव झाला, ताकद नव्हे. लोभी सावकारही असतो. त्याला कुणी ड्रॅगन म्हणत नाही.

अर्धवटराव
म्हणतात हो. माझा घरमालक ऐका...

नळी_आणि_ठिणगी
नको.

हिशोबनीस
नळीसाहेब, घसा वाचवलात, छान. आता त्याला उडवा बघू. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पंखाचं क्षेत्रफळ फक्त चौपट. आजवर उडालेल्या सगळ्यांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे केट्झालकोएटलस, डायनोसॉरच्या काळातला उडता सरपटणारा प्राणी. पंखांचा पसारा १० ते ११ मीटर, वजनाचे हल्लीचे अंदाज साधारण २०० ते २५० किलोचे. तुमचे सिनेमातले ड्रॅगन पाठीवर माणूस घेऊन किल्ल्याएवढे होतात.

आता कुणीतरी हायड्रोजन आणणार, म्हणून मीच आणतो. पीटर डिकिन्सननं १९७९ मध्ये हीच कल्पना मांडली होती, की ड्रॅगन मुळात फुगा आहे, पोटातल्या हायड्रोजनवर तरंगतो आणि तोच जाळतो. वाचायला बहार. पण एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो उचलतो. पाच टनी ड्रॅगनला साडेचार हजार घनमीटर लागेल. म्हणजे २० मीटरहून जास्त व्यासाचा गोळा, त्याला एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला शेपूट. एवढ्या फुग्याला भाला लागत नाही, टाचणी पुरते.

तेव्हा प्राणी म्हणून त्याचं समर्थन होत नाही. जादू म्हणा आणि मोकळे व्हा.

नळी_आणि_ठिणगी
पाच टन कुणी सांगितलं? लहान ड्रॅगन असू शकत नाही का? बेओवुल्फमधला पन्नास फूटच आहे.

हिशोबनीस
"पन्नास फूटच." बरं.

फासेवाली
दोन्ही बाजूंना थोडं थोडं ऐकवायचंय.

आधी माझी जुनी ठसठस. १९७४ पासून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं, म्हणजे फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळानं, ड्रॅगन रंगावर वाटून टाकले. लाल असेल तर आग, निळा असेल तर वीज, पांढऱ्याची थंडी, काळ्याचं आम्ल, हिरव्याचा विषारी वायू. पुढे स्वभावसुद्धा रंगावरून ठरायला लागला. दार उघडून रंग बघितला की खेळणाऱ्याला कळतं काय प्यायचं, काय अंगावर घालायचं. हा प्राणी आहे की गॅस सिलिंडर?

मी खेळ चालवते. एकदा महिनाभर खपून लाल ड्रॅगन रचला. गुहेचे नकाशे, जळालेल्या गावांची नावं, सगळं. पोरं आगीपासून वाचवणारं औषध पिऊन आली आणि वीस मिनिटांत त्याला मारून खजिना मोजत बसली. मी फासे गोळा करून डब्यात टाकले आणि त्या दिवशी कुणाशी बोलले नाही.

पुढच्या वेळी ड्रॅगननं हल्लाच केला नाही. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली. या ढिगातली कुठली एक वस्तू तुला हवी ते लिही, बाकीच्यांना दाखवू नकोस, जो लिहील त्याला मी जिवंत सोडीन. पाच जण होते. चार चिठ्ठ्या भरून आल्या. पाचवा म्हणाला मी नाही लिहिणार, आणि बाकी चौघं त्याच्याकडे अशी बघायला लागली की मला पुढे काही करावंच लागलं नाही. ड्रॅगन पूर्ण वेळ झोपून होता.

त्यामुळे दिवाभीत, मत तुम्हाला. पण तुमचं ते फाफ्नीर-वृत्राचं कीर्तन नसतं तरी चाललं असतं.

दिवाभीत
कीर्तन! आभारी आहे.

ज्यांना बोलणं पोरकट वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक. उर्सुला ल ग्विनच्या १९६८ च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये एक आदिम भाषा आहे. माणूस ती बोलताना सत्याला बांधलेला असतो. ड्रॅगन मात्र त्याच भाषेत खोटं बोलू शकतात, कारण भाषाच त्यांची. एवढ्यानंच अंगावर काटा येतो, आग लागत नाही.

शाईचा_डाग
सगळे ताकदीबद्दल भांडताय. पाय किती ते आधी ठरवा.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढतो. चार पाय अधिक दोन पंख म्हणजे खांद्याचे दोन सांधे एकावर एक. पंख फडकवायचे तर छातीचे स्नायू जबरदस्त हवेत. ते जिथे चिकटतील तिथे पुढच्या पायांचे स्नायू आधीच बसलेत. कितीही काढा, पाठीला दप्तर बांधल्यासारखे पंख दिसतात. पाठकणा असलेल्या एकाही प्राण्याला सहा अवयव नाहीत. वटवाघूळ बघा, पक्षी बघा, हिशोबनीसांचा तो केट्झाल बघा. पंख म्हणजेच पुढचे पाय.

एकदा दोन पायांचा ड्रॅगन काढला. मानेपासून शेपटीपर्यंत एकेक खवला हातानं. संपादकांचा निरोप आला, "सुंदर! फक्त पुढचे दोन पाय राहिलेत."

गरुडध्वज
बरोबरच सांगितलं त्यांनी. दोन पायांचा तो वायव्हर्न. ड्रॅगनला चार पाय. वेल्सच्या झेंड्यावर बघा. विषय संपला.

शाईचा_डाग
तो झेंडा १९५९ मध्ये अधिकृत झाला. पाओलो उच्चेल्लोनं १४७० च्या आसपास ड्रॅगन मारणाऱ्या संत जॉर्जचं चित्र रंगवलं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन पाय, दोन पंख. त्याला जाऊन सांगता का, "राजे, तुम्ही वायव्हर्न काढलात"?

गरुडध्वज
एका चित्रकारानं चूक केली म्हणून नियम बदलत नाही.

शाईचा_डाग
नियम?? मानचिन्हं रंगवणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी पाडलेली वर्गवारी ती, तीही इंग्रजांच्या पद्धतीतली. झेंडे बघून प्राणिशास्त्र शिकलात वाटतं.

गरुडध्वज
आणि तुम्ही न झालेल्या प्राण्याचे स्नायू मोजताय. कोण जास्त शहाणा ते लोक ठरवतील.

हिशोबनीस
पायांपुरता मी डाग यांच्या बाजूनं.

फासेवाली
मी चार पायवाली. पंज्यानं नाणी चाळवता यायला हवीत.

नळी_आणि_ठिणगी
दोन पाय. वजन कमी.

अर्धवटराव
'हॉबिट'च्या पहिल्या सिनेमात २०१२ मध्ये स्मॉगला पुढचे पाय दाखवले होते. पुढच्या भागात पंखांवर चालणारा निघाला, मग आधीचं दृश्य लांबवलेल्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केलं. एवढा पैसा ओतणाऱ्यांचंही ठरत नाही, तिथे तुमचं काय ठरणार!

लांबमिशी
मंडळी, पंखच नसले तर? चीनचा लोंग सापासारखा लांब, चार पाय, पंख शून्य, तरी आभाळात. आणि दिवाभीत, तो पाणी अडवत नाही हो, पाऊस पाडतो. नद्यांचा, ढगांचा धनी. सम्राटानं पाच नखांचा ड्रॅगन वस्त्रावर मिरवला तो काय कंजूषपणाची जाहिरात म्हणून? तुमचा "बसलेला ड्रॅगन" अर्ध्या जगाला लागूच पडत नाही. युरोपातली चार पुस्तकं वाचायची, चवीला वृत्र टाकायचा आणि "ड्रॅगन म्हणजे" करून व्याख्या ठोकायची.

दिवाभीत
चित्रांत त्याच्यापुढे मोती असतो ना? तो काही कुणाला देत नाही.

लांबमिशी
आता मोत्याला लटकणार?

दिवाभीत
...बरं. ओढूनताणून आहे. लोंगला माझं म्हणणं लागू नाही. "पश्चिमेकडचा ड्रॅगन" असं वाचा. खूश?

लांबमिशी
आणि वृत्र पश्चिमेचा कधीपासून?

दिवाभीत
तुम्हाला नमस्कार.

शब्दवेल्हाळ
इतकी चर्चा झाली आणि एकानंही 'व्याळ' हा शब्द वापरला नाही. आपल्या भाषेत शब्द असताना 'ड्रॅगन' कशाला?

फासेवाली
व्याळ म्हणजे साप. हत्तीलाही म्हणतात, वाघालाही म्हणतात. माझी पोरं विचारतील, नक्की काय आलंय गुहेत?

शब्दवेल्हाळ
ग्रीक 'द्राकोन'चाही अर्थ मोठा सापच होता. तो शब्द 'पाहणे' या धातूशी जोडतात. आपला 'दृश्' त्याच कुळातला. रोखून बघणारा तो द्राकोन. तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही.

दिवाभीत
थांबा थांबा. रोखून बघणारा? म्हणजे पापणी न लववता राखण करणारा! मी पहिल्यापासून दुसरं काय म्हणतोय?

नळी_आणि_ठिणगी
झालं, यांना काडी मिळाली.

तरी एक कबूल करतो. काल 'हॉबिट'चं ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. बिल्बो फुशारकीत स्वतःला पिंपावरचा स्वार म्हणवून घेतो, स्मॉग तेवढ्या एका शब्दावरून तळ्यावरच्या गावाचा माग काढतो आणि ते जाळायला निघतो. आग नंतर, कान आधी. हे मी विसरलो होतो. पण नीट लक्षात घ्या, गाव शेवटी जळतं ते आगीनंच. गप्पांनी नाही.

दिवाभीत
आणि स्मॉग मरतो कशानं? बिल्बोनं तारीफ केली म्हणून पोट उघडून दाखवलं, डाव्या छातीवरची उघडी जागा दिसली, बातमी धनुर्धाऱ्यापर्यंत पोचली. गप्पांनीच.

नळी_आणि_ठिणगी
बाणानं.

हिशोबनीस
बाणानं.

गरुडध्वज
बाणानं. आणि पुस्तकातल्या स्मॉगला चार पाय आहेत. टोल्किननं स्वतः काढलेलं चित्र बघा.

शाईचा_डाग
टोल्किनच्या चित्राला मान देतो. स्नायू तरीही बसत नाहीत.

नवीन काम आलंय, त्यातही ड्रॅगन आहे. या वेळी तो सोन्यात पोटापर्यंत रुतलेला काढतोय. पाय दिसणारच नाहीत, ज्याला जितके हवेत तितके त्यानं धरावेत. दिवाभीतांच्या भाचीला पाठवीन.

गरुडध्वज
पंख तरी दिसतील ना? त्यांना मनगटाशी नखं असणार का?

शाईचा_डाग
असणार.

गरुडध्वज
मग वायव्हर्नच.