पाय चिघळल्यावर व्हिटॅमिन सी देऊ का?

रावेरच्या भाऊ, मधुमेही वडिलांचा पाय केळीच्या बागेत चिघळलाय, व्हिटॅमिन सीने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या तिखट रेणूंनी पेशींना होणारी इजा) उतरेल का, असं तुम्ही विचारलंत. गोळ्यांत दिवस घालवू नका.

साखर चढली की काही पेशी तिचं सॉर्बिटॉल (साखरेचाच एक प्रकार) करतात आणि त्यात एनएडीपीएच हा पेशीतला कामाचा रेणू खर्च होतो. पांढऱ्या पेशींना जंतू मारायला हेच लागतं, पेशीला या इजेपासून वाचवणारं ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायलाही हेच. म्हणजे जंतू नीट मरत नाहीत आणि आपलंच मांस होरपळतं. म्हणून व्हिटॅमिन सी उपयोगी वाटतं. तरी सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णांना शिरेतून व्हिटॅमिन सी दिलं, तेव्हा २०२२च्या लोव्हिट चाचणीत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचा धोका उलट वाढलेला दिसला.

आजच जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्या. इन्सुलिन, अँटिबायोटिक आणि सडलेला भाग काढणं, यानेच पाय वाचू शकतो. वडील ‘दुखत नाही’ म्हणाले तरी थांबू नका, नसा बधिर झाल्यावर दुखतच नाही.