आधी पॉवर सप्लाय, मग मॉड्यूल

मॉड्युलर सिंथेसायझर जमवण्यासाठी ८४ एचपीची (एचपी म्हणजे रुंदीचं माप) केस घेऊन त्यात सेकंडहँड मॉड्यूल, म्हणजे त्याचे सुटे भाग, भरायचा तुमचा बेत वाचला. केस घ्याच, पण आधी तिचा पॉवर सप्लाय बघा. युरोरॅकमध्ये, म्हणजे या मॉड्यूलच्या प्रचलित साच्यात, +१२ आणि −१२ व्होल्टच्या वेगवेगळ्या लाइन असतात. प्रत्येक लाइनवर मॉड्यूल किती मिलिअँपिअर खातात त्याची बेरीज करा आणि वर थोडी जागा मोकळी ठेवा.

मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल पट्टी −१२ कडे. हे मला पाठ होतं, तरी एकदा रात्री घाईत जुना फिल्टर उलटा जोडलाच! आवाज शून्य, नुसता जळका वास. उलट्या जोडणीपासून वाचवणारा संरक्षक डायोड त्यात नव्हता. एका चिपच्या डोक्याला चक्क फोड आला होता.

तुम्हाला मींड हवी आहे ना? मग दुसरा ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं मॉड्यूल) राहू द्या, स्ल्यू लिमिटर घ्या. ऑसिलेटरला दिलेल्या एका व्होल्टला सूर एक सप्तक चढतो. स्ल्यूमुळे ते व्होल्टेज उडी न मारता सरकत जातं. फक्त स्ल्यूच्या नंतर क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या स्वरावर नेऊन बसवणारं मॉड्यूल) लावू नका, मींडेच्या पायऱ्या होतात. व्हीसीव्ही रॅक या कॉम्प्युटरवरच्या मॉड्युलर सिंथवर हे फुकटात करून बघता येईल.