मदत हवी आहे: बाळाला रक्त चढवायचंय, वडिलांचं का चालत नाही? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. ताईला तिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली, वजन १२०० ग्रॅम. इथे सोलापुरातच काचेच्या पेटीत ठेवलंय. हिमोग्लोबिन उतरलंय, उद्या रक्त चढवणार. तेही फक्त १८ मिली, सिरिंज पंपावर तीन-चार तासांत.

बाळ बी पॉझिटिव्ह, दाजीही बी पॉझिटिव्ह. तरी डॉक्टर त्यांचं रक्त नको म्हणाले. चिठ्ठीवर ओ ग्रुप लिहिलाय आणि नमुना ताईचाही घेतला, ती ओ पॉझिटिव्ह. मामा अक्कलकोटहून आलेत, "घरचं रक्त असताना परक्याचं कशाला?" म्हणून अडून बसलेत. चिठ्ठीवर 'इरॅडिएटेड' असंही आहे. ते सोलापुरात मिळतं की पुण्याला गाडी पाठवायची? जाणकारांनी कृपया आजच सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. डॉक्टरांचं बरोबर आहे. आईच्या बी-विरोधी अँटीबॉडी वारेतून बाळात आलेल्या असू शकतात, बी पेशी दिल्या तर त्या फोडतील. म्हणून ओ ग्रुपच्या तांबड्या पेशी, आणि क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ही तपासणी) आईच्या नमुन्याशी.

नात्यातल्या रक्ताचा धोका वेगळा. त्यातल्या पांढऱ्या पेशी बाळाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, म्हणून ते त्यांना मारत नाही. मग त्या तिथेच वाढून बाळाच्याच अवयवांवर उलटतात. असं क्वचित होतं, पण झालं तर बाळ सहसा हाती लागत नाही. इरॅडिएशन म्हणजे पिशवीवर किरण सोडून या पेशींची वाढ थांबवणं. ही सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते, तेव्हा गाडी काढण्याआधी फोन करा. किरण दिल्यावर पिशवीत पोटॅशियम वाढत जातं, म्हणून इतक्या लहान बाळाला ती लगेच वापरायची असते.

आणि हे नक्की विचारा: एकाच दात्याची पिशवी लहान पिशव्यांत विभागून बाळाच्या नावे राखून ठेवता येईल का? एवढ्याशा जिवात सगळं मिळून १२० मिलीच्या आसपास रक्त, तपासण्यांनाच त्यातलं किती जातं! पुन्हा लागलं तर नवा दाता नको.

मामांना जरूर रक्तदान करू द्या, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

धागाकर्ती:
खूप आभार. दाजींना वाचून दाखवलं. पिशवी आणताना काय सांभाळू?

प्रतिसाद:
रक्तपेढीच्या थंड डब्यातून थेट वॉर्डात, वाटेत कुठे थांबू नका. गरम पाण्यात अजिबात धरू नका. फ्रिजबाहेर काढल्यापासून चार तासांत चढवून संपायला हवं, म्हणून सिस्टरांनी सांगितल्यावरच निघा.