धानपट्ट्यातील पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.चा विषय

प्रश्न (धानोरा, जि. गडचिरोली): धानाच्या रोवण्याच्या दिवसांत आमचे एम.ए.चे विद्यार्थी बांधीत (धानाच्या शेतात) असतात आणि 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील व्याख्याने रात्री, रेंज मिळेल तिथे, मोबाईलवर उतरवून घेतात. यावर संशोधन करावयाचे आहे. विषय कसा मांडावा?

उत्तर 1: मॅडम, व्हिडिओ परिणामकारक आहे का, असे विचारू नका. माध्यम स्वतः शिकवत नाही, अध्यापनपद्धती शिकवते, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच मांडले. माध्यमाच्या वैशिष्ट्यांचाही शिकण्यावर परिणाम होतो, असे म्हणत संशोधक रॉबर्ट कोझमा यांनी त्यास विरोध केला. उतरवलेले व्याख्यान विद्यार्थी कुठे थांबवतो, कोणाला विचारतो, हे नोंदवा. खरा विषय तिथे आहे.

उत्तर 2: सहमत. प्राचार्यांची भूमिकाही अभ्यासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून घेता येतात. परंतु प्राचार्यांनी वेळापत्रकात मार्गदर्शकाची तासिका ठेवली नसेल, तर ही सवलत कागदावरच राहते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, सर. तासिकेची मागणी लेखी देते.